टेकडीकडे तोंड असलेली खोली

माझं जे काही बरं झालं, ते माझ्या वहिनीमुळे झालं. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण पुढे विटांचं, दगडांचं आणि आमच्या शहराचं बरंच येणार आहे, आणि त्या गर्दीत ती मागे पडू नये. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. आता एका शाळेत भूगोल शिकवतो. पदवी मिळाली त्या दिवशी आई-वडील नव्हते. मी लहान असतानाच ते गेले होते. समोरच्या खुर्चीवर वहिनी बसली होती, नव्या साडीत. तिच्या नखांच्या कडेला तेव्हाही लाल माती होती. मी तसं म्हटलं, तर ती हात पदराखाली न घेता म्हणाली, "ऱ्हाऊ दे भावजी. ती आता मी गेल्यावरच निघंल."

वहिनी वीटभट्टीवर विटा थापायची. माझा मोठा भाऊ, दादा, समोरच्या टेकडीवर दगडाच्या खदानीत होता. वसईच्या पूर्वेला, शेतं संपून टेकड्या सुरू होतात तिथे ती भट्टी होती. रिक्षावाले अजून त्या चौकाला भट्टी नाका म्हणतात. का म्हणतात, हे त्यांच्यातल्या बहुतेकांना माहीत नाही. भट्टी बंद होऊन खूप वर्षं झाली. त्याआधी खदान बंद झाली. दादा गेला तो खदानीत नाही, नंतर, घरी, तापाने. भट्टीच्या जागेच्या कोपऱ्यात खंगर विटांची एक खोली आहे. जास्त भाजून काळ्या-जांभळ्या झालेल्या, वेड्यावाकड्या, कोणी विकत न घेतलेल्या विटा म्हणजे खंगर. त्या खोलीत वहिनी एकटी राहते.

मालकाच्या मुलांनी तिला तिथून कधी उठवलं नाही. पण यंदा ती जागा बिल्डरकडे गेली, आणि दिवाळीपर्यंत खोली रिकामी करायची असं ठरलं. मुलांनी स्वतः येऊन, चहा पिऊन, मान खाली घालून हे सांगितलं. वहिनीने ऐकून घेतलं आणि त्यांना निघताना अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा दिल्या. मी म्हटलं, "वहिनी, आमच्याकडे चल. कायमची."

ती म्हणाली, "बघू."

त्या 'बघू'च्या मागे मी सगळा पावसाळा फिरलो.

*

भट्टी मला आठवते ती धुक्यातच. भात कापून झालं, शेतं मोकळी झाली की तिथली माती खणून आणायची. तिच्यात भाताचं तूस आणि राख कालवून ती भिजत घालायची. सकाळी खाडीकडून धुकं सरकत यायचं आणि त्यात बाया दिसायच्या त्या कमरेपासून वर. त्यांचे पाय चिखलात असायचे, चिखल धुक्यात. दिसायचं कमी, ऐकू जास्त यायचं. मातीचा गोळा साच्यात आपटल्याचा थप्प असा आवाज, मग हात फिरवल्याची ओली खसखस, मग साचा उचलल्यावरची एक छोटी शांतता. त्या शांततेत जमिनीवर एक वीट जन्मलेली असायची. ऊन चढलं की धुकं विरायचं आणि दूरवर पसरलेल्या ओल्या विटांच्या ओळी दिसायच्या. कोणीतरी पहाटेपासून जमिनीवर काहीतरी लिहीत बसलंय, असं मला वाटायचं.

शाळा सुटल्यावर मी विटा पलटायचो. एका बाजूने वाळल्या की दुसऱ्या बाजूवर उभ्या करायच्या. आणि तिथेच आमची दुसरी शाळा भरायची. वहिनी शाळेत गेली नव्हती. मी काटकीने ओल्या विटेवर अक्षर काढायचो, ती शेजारच्या विटेवर तसंच काढायची. ग तिला लगेच जमला. ळ मात्र तिच्या हातात यायचा नाही. त्याच्या पोटात नेहमी काहीतरी जास्त व्हायचं. मुकादम ओरडायचा, "ए, गिऱ्हाइकाला वीट पाहिजे, पुस्तक नको!" पण त्या विटा तो मोडायचा नाही. त्याही भट्टीत रचल्या जायच्या, भाजल्या जायच्या, ट्रकमधून जायच्या. वहिनीची सगळी बाराखडी अशी या शहराच्या भिंतींत गेली. कोणाच्या तरी बेडरूममध्ये, गिलाव्याच्या आत, तिचा बिघडलेला ळ असेल. रात्री दिवा बंद करून ते लोक त्याच्याशेजारी झोपत असतील.

भाजलेली वीट घेताना लोक दोन विटा एकमेकींवर आपटून बघायचे. पक्की असली तर भांड्यासारखी खणखणते. कच्ची असली तर बसक्या गळ्याने बोलते. वहिनीला ती सवय इतकी लागली की ती कोणाच्याही घरी गेली की आधी भिंतीवर बोटाचा सांधा वाजवून बघते. लग्नाला गेली तरी, सुतकाला गेली तरी.

दुपारी खदानीत सुरुंगाचा बार व्हायचा. बार उडवायच्या आधी टेकडीच्या कडेला एक माणूस लाल निशाण हलवत उभा राहायचा, शिटी फुंकायचा, खालचा रस्ता थांबवायचा. तो माणूस म्हणजे दादा. शिटी ऐकली की भट्टीवरच्या बाया हात थांबवायच्या. पाण्याच्या हंड्यांवर तळहात ठेवायच्या, म्हणजे ते थरथरून कलंडू नयेत. मग पायाखालून एक धक्का जायचा, आवाज त्याच्यामागून यायचा, आणि टेकडीतून पांढरी धूळ हळूहळू वर चढायची. टेकडीला जाग येऊन तिने एक लांब श्वास सोडल्यासारखी. धूळ बसेपर्यंत काहीच दिसायचं नाही.

वहिनी तोवर साचा हातात घ्यायची नाही. धूळ विरळ झाली की टेकडीच्या कडेला ते लाल निशाण एकदाच वर जायचं, सरळ, न हलता. ते दादाच्या कामाचा भाग नव्हतं. रस्ता मोकळा झाल्याची शिटी वेगळी असायची. हे निशाण फक्त वहिनीसाठी होतं. शेजारच्या बाया तिला चिडवायच्या.

"आला गं तुझा झेंडा! थाप आता."

"तुझा नवरा निशान तरी दाखवतोय का? त्याला आधी शोधावा लागतोय," वहिनी म्हणायची, आणि सगळ्या हसायच्या, आणि थप्प असा आवाज पुन्हा सुरू व्हायचा. मग थोड्या वेळाने भाकरी सोडायची वेळ व्हायची.

*

आम्ही राहतो तो फ्लॅट भाड्याचा आहे, नव्या टॉवरमध्ये. वहिनीला घेऊन आलो तेव्हा तिने चप्पल काढली आणि सवयीप्रमाणे भिंत वाजवली. मग दुसरी. मग माझ्याकडे बघितलं.

"भावजी, ही भित हाय का पापड?"

"सिमेंटचे ठोकळे असतात हल्ली, वहिनी. हलके. लवकर बांधून होतं."

"आनि वीट?"

"विटा कोणी वापरत नाही आता फारशा."

तिने पुन्हा एकदा वाजवून बघितलं, आजारी माणसाची पाठ डॉक्टर वाजवतात तसं. मग खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. समोर दुसरा टॉवर होता, त्याच्या प्रत्येक खिडकीत एक पांढरा एसी. माझी बायको चहा घेऊन आली. "वहिनी, ही खोली तुमची. इथे कपाट हलवू आपण."

"बघू गं बाय."

मला वाटलं, मला कळलं. आयुष्यभर जिने विटा थापल्या, ती या पोकळ भिंतींत कशी राहील? भाड्याचा करार संपतच आला होता. मी ठरवलं, वहिनीसाठी विटांचं घर शोधायचं. शक्य झालं तर आमच्याच भट्टीच्या विटांचं. आमच्या विटेवर पिंपळाच्या पानाचं चिन्ह असायचं. साचा झिजला की ते पान माशासारखं दिसायचं, आणि कोळीवाड्यातली गिऱ्हाइकं तीच वीट मागायची.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी स्कूटर घेऊन निघायचो. हे दिवस मला झोपेत चालल्यासारखे आठवतात. पाऊस थांबलेला असायचा, भिंती ओल्या, आणि ओल्या गिलाव्यातून आतल्या विटांच्या ओळी पुसटशा दिसायच्या, कागदाच्या मागच्या बाजूची अक्षरं दिसावीत तशा. उमेळ्याला गेलो. वाड्यांमध्ये उरलेल्या एका जुन्या घराची पडवी उतरवत होते. तिथे पान मिळालं, पण ते घर तर जातच होतं. राजोडीला एका कॉटेजच्या मागे मिळालं. कळंबला समुद्राकडच्या एका कंपाउंडच्या भिंतीचा गिलावा खाऱ्या वाऱ्याने खाल्ला होता आणि ओळीने पानं उघडी पडली होती, काही पानं, काही मासे. आत कोणाचे तरी पाहुणे क्रिकेट खेळत होते. मी भिंतीवर हात ठेवून उभा राहिलो. वसईपासून विरारपर्यंत मी जिथे जिथे हात ठेवत होतो, तिथे कधीतरी वहिनीचा हात फिरला होता. मुलांना मी शिकवतो की शहरं नद्यांच्या काठी वसतात. आमचं शहर वहिनीच्या आणि तिच्या शेजारणींच्या तळहातांवर वसलं, दादाच्या टेकडीतली खडी खाली घालून. टेकडी तिकडे कमी होत गेली आणि इमारती इकडे वाढत गेल्या. वजन तेच, फक्त इकडचं तिकडे झालं.

लोकांना मी विचित्र वाटलो असणार. एका सोसायटीत मी जिन्याखालची भिंत वाजवत होतो. वॉचमन बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "सर, दरवाजा उधर है."

अखेर जुन्या बाजाराच्या मागे एक चार मजल्यांची इमारत मिळाली. लिफ्ट नाही, रंग उडालेला, पण पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने होता. आणि खाली मीटरच्या खोलीत गिलावाच केलेला नव्हता. सगळ्या भिंतीवर पानं. मी तिथूनच बायकोला फोन केला. दुसऱ्या दिवशी बायको आणि मी वहिनीला घेऊन गेलो.

तिने मीटरच्या खोलीत एका पानावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"तुझी असेल का ही?" मी विचारलं.

"माझी नायतर हिची नायतर तिची. थापताना कोन नाव घालतंय? सगल्यांचे हात सारखेच." मग भिंत वाजवली. "पक्की हाय."

वर फ्लॅटमध्येही तिने वाजवून बघितलं. "हीबी पक्की."

"मग? येतेस ना?"

ती खिडकीपाशी गेली. समोरच्या इमारतीच्या दोऱ्यांवर कपडे वाळत होते. थोडी वाकली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"बघू, भावजी."

तिला सोडून आम्ही परत निघालो. बायको मागे बसली होती. भट्टी नाका गेल्यावर ती म्हणाली, "अहो, रागावू नका. पण तुम्ही त्यांना भिंती दाखवताय."

"मग काय दाखवू? आयुष्य विटांत गेलं तिचं."

"त्या भिंत वाजवतात ती सवयीने. मग दोन्ही घरांत सरळ कुठे गेल्या? खिडकीत. वाकून वाकून काय शोधत होत्या?"

मी स्कूटर बाजूला घेतली.

*

पुढच्या रविवारी मी एकटाच वहिनीकडे गेलो. ती दारात स्टुलावर बसली होती. मी आत, तिच्या मागे, खाटेवर बसलो. दारासमोर पूर्वी जिथे विटा वाळायच्या, तिथे गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. माती काढून काढून झालेल्या खड्ड्यात तळं झालं होतं आणि त्यात कमळं होती. तळ्यापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे झाडी, आणि वर ती टेकडी, एका बाजूने सरळ कापलेली, केकचा तुकडा काढल्यावर उरते तशी. ऊन त्या पांढऱ्या कापावर पडलं होतं. सगळं इतकं शांत होतं की तळ्यात बेडूक उतरला तोही ऐकू आला.

स्वयंपाक झालेला होता. ताटावर ताट झाकलेलं. पण वहिनी उठत नव्हती.

"काय बघतेस?"

"काय नाय. उजेड."

मग तीच म्हणाली, माझ्याकडे न बघता.

"बार उडायचा टायम झाला ना, की हात थांबतोय अजून. काय करत असले तरी. मंग येऊन बसते जरा. वर कोन नसतंय, माहीत हाय मला. येडी नाय मी." तिने पदराने स्टुलाची कड पुसली. "पन एकदा बघितलं की जेवन जातं."

आणि मग खरंच उठली, मलाही वाढलं, आणि भाकरी मोडता मोडता म्हणाली, "बारीक झालास. तुझी बायको वाढत नाय, का तू खात नाय?"

इतकी वर्षं मी त्या दारातून आत-बाहेर केलं. ती खोली बांधताना दादाने दाराचं तोंड टेकडीकडे का ठेवलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. शिकलो ते त्याच खोलीत, त्याच दाराच्या उजेडात, पुस्तक खाली धरून.

सोमवारी शाळा सुटल्यावर एजंटकडे गेलो. त्याच जुन्या इमारतीत टेकडीच्या बाजूचा, वरचा एखादा फ्लॅट आहे का, असं विचारलं. तो हसला. "सर, चौथ्या मजल्यावर आहे, पण कोणी घेत नाही. लिफ्ट नाही, वर गच्ची, उन्हाळ्यात तापतो."

मी वर गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी गच्च्या दिसल्या, पाण्याच्या टाक्या, मोबाईलचा टॉवर. मग दोन इमारतींच्या मधल्या फटीत, दुपारच्या उन्हाने पुसट झालेली, टेकडी. कापलेली बाजू आपल्याकडे.

फ्लॅटच्या मालकाला मी थांबायला सांगितलं आहे. वहिनीला फोन केला असता, पण फोनवर ती "जेवलास का?" विचारते आणि उत्तर ऐकून ठेवून देते. शिवाय ती वाचते हळूहळू, एकेका अक्षराशी थांबत, आणि मला तिने यावर तसंच थांबायला हवं होतं. म्हणून पत्र लिहिलं. शाळेतल्या शिपायाच्या हाती तिला पोचवलं. त्याची प्रत ठेवली नव्हती, पण मला ते पाठ आहे.

*

वहिनी,

हे पत्र बघून घाबरू नकोस, सगळे बरे आहेत.

मी तुला दोन घरं दाखवली आणि दोन्ही वेळा चुकीची गोष्ट दाखवली. भिंत दाखवली. तू काही बोलली नाहीस, कारण तू मला कधीच काही मागितलं नाहीस. मला शाळेत घातलंस, तेव्हाही सगळं तूच बघितलंस. भट्टीवरच्या बाया म्हणायच्या, पोराला थापायला बसव, हात वाढतील. तू म्हणालीस, त्याचे हात पुस्तकाला पाहिजेत. ते मी ऐकलं होतं. तुला वाटतं मी झोपलो होतो.

आता त्याच पानाच्या विटांच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर एक घर आहे. चार मजले चढायचे आहेत, ते तुझ्यापासून लपवत नाही. गुडघे दुखतील. उन्हाळ्यात तापेल. पण स्वयंपाकघराची खिडकी टेकडीकडे आहे. मधे फट आहे, आणि त्या फटीत पुढे कोणी टॉवर बांधणार नाही असं मी तुला वचन देऊ शकत नाही. आज तरी टेकडी दिसते.

येत्या रविवारी तुझी जाऊ तुला न्यायला येईल. किल्ली तिच्याकडे आहे. डबा घेऊन येईल, तुझ्यासाठी आणि तिच्यासाठी. म्हणते, वहिनींना माझ्या हातचं जेवण आवडत नाही हे मला माहीत आहे, पण त्या दिवशी बोलायचं नाही. जिना हळूहळू चढा. दुपारी बार उडायच्या वेळेला तू त्या खिडकीत बस.

मी टेकडीवर जाईन. दादा उभा राहायचा त्या कातळावर. तो कापाच्या कडेपासून बाजूला आहे, खाली खदानीत साचलेल्या पाण्याकडे मी जाणार नाही, काळजी करू नकोस. दादाचं निशाण तुझ्या पेटीत आहे हे मला माहीत आहे. ते मी मागत नाही, ते तुझं आहे. मी आमच्या घरातली लाल चादर नेणार आहे. इमारत भट्टीपेक्षा लांब आहे, म्हणून मोठं फडकं लागेल. मी ती हलवणार नाही. एकदाच वर धरीन, सरळ, दादा धरायचा तशी.

तू हात वर करू नकोस, एवढ्या लांबून मला दिसणार नाही. नाही दिसली चादर, तर काही बिघडत नाही, दिवाळीला वेळ आहे, आपण दुसरी खिडकी शोधू. आणि दिसली, तर मला तसं सांगूही नकोस. तुझ्या सवयीने जेवायला बस. मी टेकडी उतरून येईन, चार मजले चढून येईन, आणि तुझं ताट बघीन.